कपॅसिटर कमी पडला तर भुर्दंड, जास्त झाला तर त्याहून मोठा भुर्दंड

एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांशी वीजबिलाचा विषय काढला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "दर परवडत नाहीत." दुसरं, "कपॅसिटर बसवले, तरी बिल उतरेना." पहिल्यावर मोर्चे निघतात, निवेदनं जातात, आम्ही बातम्या करतो. दुसऱ्यावर कुणी बोलत नाही. म्हणून आज त्यावर लिहितोय. दर आपल्या हातात नाही, कपॅसिटर मात्र आहे.

मी इंजिनिअर नाही. पण हा हिशेब कॅल्क्युलेटर घेऊन बसलं तर कुणालाही जमतो.

मोटारीला दोन कामांसाठी करंट लागतो. एक प्रत्यक्ष काम करायला, त्याची मोजणी किलोवॅटमध्ये. दुसरा आतलं चुंबकीय क्षेत्र उभं करायला, त्याची मोजणी केव्हीएआरमध्ये. हा दुसरा करंट लाइनमधून नुसता ये-जा करतो, पण केबल आणि ट्रान्सफॉर्मर अडवून ठेवतो. कपॅसिटर तो जागेवरच पुरवतो, म्हणून लाइनवरचा भार उतरतो. पॉवर फॅक्टर म्हणजे एकूण केव्हीएपैकी कामाचा वाटा किती, एवढंच.

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर निघतं. म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की युनिटच वाढतात. वेगळी दंडाची ओळ शोधत बसू नका, दंड युनिटमध्येच मुरलेला असतो.

आता किती केव्हीएआर लागतील? पॉवर फॅक्टर ०.९८ वर न्यायचा असेल, तर दर किलोवॅटमागे साधारण एवढे:

आत्ता ०.७५ असेल तर ०.६८
०.८० असेल तर ०.५५
०.८५ असेल तर ०.४२
०.९० असेल तर ०.२८

समजा चालू लोड २०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.७५ आहे. २०० गुणिले ०.६८, म्हणजे १३६ केव्हीएआर. केव्हीए २६७ वरून २०४ वर येतो.

इथे पहिली मेख. कपॅसिटरवर छापलेला आकडा त्यावर लिहिलेल्या व्होल्टेजचा असतो. ४४० व्होल्टचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर ८९ टक्केच देतो. १३६ हवे असतील तर छापील आकडा १५३ च्या आसपास हवा.

दुसरी मेख मोठी आहे, आणि खरा पैसा तिथेच जातो. महावितरणच्या हिशेबात लॅग आणि लीड एकमेकांतून वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणजे कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाला तरी पॉवर फॅक्टर खालीच येतो.

वरचाच कारखाना घ्या. एक पाळी, ८ तास, महिन्याचे २६ दिवस. काम ४१,६०० युनिटांचं.

कपॅसिटर नसेल तर बिलाला सुमारे ५५,५०० केव्हीएएच.
कपॅसिटर बरोबर चालला तर सुमारे ४२,५००.
तोच कपॅसिटर मशीन बंद झाल्यावर १६ तास तसाच चालू राहिला तर सुमारे ७७,०००.

शेवटचा आकडा परत वाचा. पैसे घालून कपॅसिटर बसवला आणि बिल न बसवल्यापेक्षा जास्त आलं! यात रविवार धरलेलाच नाही.

उपाय अवघड नाही. सगळे कपॅसिटर एकाच मेन स्विचला टांगू नका. लोडप्रमाणे टप्पे आत-बाहेर करणारं ऑटोमॅटिक पॅनल घ्या आणि त्यात लहान टप्पेही ठेवा. सगळेच टप्पे २५ चे असतील, तर १० ची गरज असताना पॅनल एकतर काहीच देणार नाही किंवा जास्त देणार. आणि वर्षभराने पॅनल उघडून बघा. फुगलेले कपॅसिटर आणि जळालेले कॉन्टॅक्टर घेऊन उभं असलेलं पॅनल फक्त दिवे दाखवतं. उघडण्याचं काम मात्र वायरमनचं. सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

मोटारीला थेट कपॅसिटर जोडायचा असेल, तर तो तिच्या नो-लोड करंटच्या ९० टक्क्यांपुढे जाऊ नये. नाहीतर सप्लाय गेल्यावर फिरती मोटार स्वतःच व्होल्टेज तयार करते. आणि १० एचपीच्या कामाला २० एचपीची मोटार लावली असेल, तर आधी मोटार बदलायचा विचार करा. रिकामी फिरणारी मोटार हेच कमी पॉवर फॅक्टरचं मोठं कारण आहे.

फाउंड्रीवाल्यांनी आणि ड्राइव्हवर मशीन चालवणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. इंडक्शन फर्नेस आणि व्हीएफडी हार्मोनिक्स तयार करतात. तिथे साधे कपॅसिटर तापतात, फुगतात, कधी फुटतात. अशा ठिकाणी ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर लावतात. पण रिअ‍ॅक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्के चढतं, त्यामुळे कपॅसिटरही जास्त व्होल्टेजचा लागतो. विक्रेता मोजमाप न करता कोटेशन देत असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता माझं म्हणणं. हा घोळ कारखानदार अडाणी आहेत म्हणून होत नाही. बिलावर आरकेव्हीएएच लॅग, आरकेव्हीएएच लीड असे आकडे छापायचे आणि त्यांचा अर्थ सांगायचा नाही, हे बरोबर नाही. महावितरणने लीडचा आकडा वाढला की ग्राहकाला मराठीत सरळ मेसेज पाठवावा: तुमचा कपॅसिटर लोड नसताना चालू आहे. मीटरमध्ये ही माहिती असतेच. औद्योगिक संघटनांनीही दरवाढीच्या निवेदनाबरोबर एक मोजणी शिबिर घ्यावं. पॉवर अ‍ॅनालायझर भाड्याने आणून प्रत्येक सभासदाकडे दिवसभर लावला, तरी कुणाला किती कपॅसिटर हवा ते कळेल. महिन्याच्या सरासरीवरून ते कळत नाही.

छोट्या युनिटमध्ये महिन्याचे हे जास्तीचे युनिट म्हणजे एखाद्या कामगाराचा पगार असतो. तो कपॅसिटरपायी जाऊ नये.

कारखाना असलेल्या प्रत्येकाने आज मागच्या तीन महिन्यांची बिलं काढून लीडची ओळ बघा. आकडा मोठा दिसला, तर नवीन कपॅसिटर घेण्याआधी संध्याकाळी जुने बंद होतात का ते तपासा. लघुदाबवाल्यांनी आपल्या बिलावर कोणती पद्धत लावलीय तेही बघून घ्या. काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. दहा-बारा बिलं जमली तर घेऊन महावितरणच्या कार्यालयात जाऊ, मी येतो सोबत.