कनेक्टर, रिले आणि कूटलेख

मोटारीच्या अंगभर पसरलेल्या तारांचा जुडगा, ज्याला चाकण-भोसरीच्या कारखान्यांत वायरिंग हार्नेस म्हणतात, त्याच्या टोकाटोकाला बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे कनेक्टर असतात. त्यांतले कित्येक परदेशांतून येतात. न्हावा शेवा बंदरात त्यांची खोकी उतरली की आयातदाराला बिल ऑफ एंट्री भरावे लागते आणि प्रत्येक वस्तूपुढे आठ अंकी क्रमांक लिहावा लागतो. कनेक्टर ही विजेची वस्तू, तेव्हा ती ८५३६ या शीर्षाखाली जावी. तो बसतो मात्र मोटारीतच, तेव्हा मोटारीचा सुटा भाग म्हणून ८७०८ खाली का जाऊ नये? दोन्ही म्हणणी ऐकायला सारखीच रास्त आहेत; शुल्क मात्र सारखे असेलच असे नाही.

अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला एका वस्तूची दोन रूपे पाहून नवल वाटणार नाही. पण बिल ऑफ एंट्रीत रकाना एकच असतो.

क्रमांकांची ही पद्धत १९८८ पासून जागतिक व्यापारात रूढ झाली. पहिले सहा अंक बहुतेक सर्व देशांत समान असतात, पुढचे दोन भारताचे. मूळ कायदा १९७५ चा सीमाशुल्क दर अधिनियम. त्याचे बळ दरांच्या कोष्टकापेक्षा विभागांच्या आरंभी छापलेल्या टिपांत आहे आणि नेमक्या त्याच फारसे कोणी वाचत नाही. वाहनांच्या सतराव्या विभागातील दुसरी टीप सांगते, की ८५ व्या प्रकरणातील विद्युत्-सामग्री वाहनाचा ‘भाग’ समजायची नाही. सामान्य स्क्रू मोटारीत बसला म्हणून मोटारीचा भाग होत नाही, तेही याच टिपेमुळे. मोटारीचे दिवे आणि वायपर यांना ८५१२ हे स्वतःचे शीर्ष आहे आणि तयार हार्नेस ८५४४ खाली जातो. मोटारीसाठी बेतलेली सतरंजी ही मोटारीचा भाग नसून सतरंजीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये युनि प्रॉडक्ट्सच्या प्रकरणात ठरवले. येथवर गाडी सरळ चालली होती.

मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने वेस्टिंगहाउस सॅक्स्बी फार्मर या कोलकात्याच्या कंपनीचा खटला निकाली काढला. वाद उत्पादन शुल्काचा होता, पण शब्द त्याच शीर्षांचे. कंपनी रेल्वे सिग्नलसाठी रिले बनवत असे. खात्याचे म्हणणे, रिले म्हणजे ८५३६. कंपनीचे म्हणणे, हे रिले सिग्नलखेरीज कोठेच वापरले जात नाहीत, म्हणून ते सिग्नल-सामग्रीच्या ८६०८ खाली. न्यायालयाने मुख्य वा एकमेव उपयोगाची कसोटी धरली आणि कंपनीचे मानले. निकाल करदात्याच्या बाजूचा. पण त्याचा आधार घेऊन वाहनांचे विद्युत्-भाग आणणाऱ्यांनाच विचारणा होऊ लागली, की मग तुमचा कनेक्टर मोटारीचा भाग का नाही? त्या वेळी ८७०८ वर जीएसटी २८ टक्के होता आणि ८५३६ वर १८, म्हणून या प्रश्नाला धार होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व भागांवर, क्रमांक कोणताही असो, १८ टक्के दर आला आणि जीएसटीचा वाद पुढच्या मालापुरता निवला. मूळ सीमाशुल्कातला फरक मात्र जेथे आहे तेथे राहिला.

तो किती भरतो? समजा एका क्रमांकावर १० टक्के शुल्क आहे आणि दुसऱ्यावर १५. एक कोटीच्या मालावर शुल्क आणि त्यावरचा एक-दशांश समाजकल्याण अधिभार धरून एकीकडे ११ लाख, दुसरीकडे साडेसोळा. जीएसटीची वजावट मिळते, या साडेपाच लाखांची मिळत नाही. दरवर्षी कोटीभर माल आणणाऱ्याच्या दारी पाच वर्षांची मागणी आली, तर साडेसत्तावीस लाख मूळ शुल्क, त्यावर १५ टक्क्यांनी व्याज आणि हेतू वाईट ठरला तर शुल्काइतकाच दंड. भोसरी किंवा तळवड्यातल्या मध्यम पेढीचे खेळते भांडवल यात सहज बुडते.

मोठ्या माणसाचीही यातून सुटका नाही. चाकणला नोंदणीकृत कार्यालय आणि कारखाना असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलर्सच्या शुल्कमागणीची नोटीस मिळाली. सीमाशुल्क खात्याचा आरोप असा, की जवळजवळ अख्ख्या मोटारी सुट्या अवस्थेत आणल्या, पण वेगवेगळ्या खेपांतून आणि ‘सुटे भाग’ म्हणून दाखवल्या. अशा मोटारसंचावर ३० ते ३५ टक्के शुल्क पडते, भरले गेले ५ ते १५ टक्के. कंपनीला आरोप मान्य नाही. आपण भाग एकत्र संच म्हणून आणत नाही, त्यांत देशी भागही मिसळतात, असे तिचे म्हणणे. तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे सुनावणी झाली. येथे खरेखोटे ठरवायचे कारण नाही. पाहायचा तो नियम. न जोडलेली वस्तू एकत्र सादर झाली तर ती जोडलेलीच समजावी, हा दुसरा अर्थनिर्णय-नियम छोट्या पेढीलाही लागतो. तारा, टर्मिनल आणि कनेक्टर एका हार्नेसच्या मापाने कापून, मोजून एकत्र आणले, तर अधिकारी त्यास हार्नेसच म्हणू शकतो. आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात वाहनांच्या इग्निशन वायरिंग संचांवरील शुल्क १५ टक्क्यांवर नेलेले आहे.

‘ते आपला सीएचए बघून घेतो,’ हे वाक्य या पट्ट्यातल्या पेढ्यांत फार ऐकू येते. २०११ पासून आयातदारानेच स्वतःचे शुल्क ठरवायचे, अशी कायद्याची रचना आहे. सीएचए कागद सादर करतो, खाली नाव पेढीचे असते.

तत्त्वार्थसूत्राने अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम मोजला आहे. करचुकवेगिरी त्यातच येते, असे आज व्याख्यानांतून सांगितले जाते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. वर्गीकरणाच्या प्रश्नाला हा दुसरा शब्द अधिक जवळचा आहे. ८५३६ की ८७०८ यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो आणि न्यायाधीशांतही तो होतो. त्यात पाप नाही. पण पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर ‘मोटारीच्या हार्नेसचा संच’ असे लिहिलेले असताना ‘प्लॅस्टिकच्या वस्तू’ असे लिहवून घेणे, किंवा एकाच मागणीची मुद्दाम चार खोकी करणे, हा कूटलेखच. शास्त्र अतिचार आणि अनाचार यांत भेद करते. सीमाशुल्क अधिनियमाचे कलम २८ ही तो करते: साध्या चुकीची मागणी दोन वर्षांपर्यंत, संगनमत, जाणूनबुजून केलेले खोटे कथन किंवा दडपणूक असेल तर पाच वर्षांपर्यंत. साध्या चुकीत नोटिशीपूर्वी शुल्क व्याजासह भरले तर दंड नाही. २०२५ च्या वित्त अधिनियमाने माल सुटल्यानंतर आपली नोंद आपणहून दुरुस्त करण्याची वाटही दिली. वर्षाकाठी वहीपूजन करणाऱ्या घरांनी मागच्या बिलांकडे एकदा त्या नजरेने पाहण्यास हरकत नसावी.

म्हणून वर्णनात काटकसर नको. वस्तूचे नाव, व्होल्टेज, कोणत्या मोटारीत कोठे बसते, आणखी कोठे बसू शकते का, हे सारे कागदावर असावे. उत्पादकाचा कॅटलॉग आणि ड्रॉइंग फाईलला असावे. क्रमांक पुढे चुकीचा ठरला तरी ‘लपवले’ असे मग कोणी सहज म्हणू शकत नाही.

शंका खरीच असेल तर माल येण्याआधी विचारण्याची सोय आहे. सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाचे एक पीठ मुंबईत आहे, अर्जाचे शुल्क १०,००० रुपये आणि निर्णयाची मुदत तीन महिने. निर्णय अर्जदारावर आणि त्याच्यापुरता खात्यावरही बंधनकारक असतो आणि कायदा वा वस्तुस्थिती बदलली नाही तर तीन वर्षे टिकतो. मात्र तो अर्जात वर्णिलेल्या वस्तूपुरताच. पुरवठादाराने पुढच्या वर्षी त्याच कनेक्टरच्या पोटात छोटे सर्किट बसवून पाठवले, तर जुना कागद दाखवून भागत नाही. अर्ज नव्याने करावा लागतो.