हरणासाठी कोणती गोळी योग्य? अंबरनाथ-बदलापुरात या प्रश्नाचं उत्तर काय आहे?

अमेरिकेतल्या शिकारीचं एक रील पाहिलं की फीडमध्ये तशीच दहा येतात. कॅलिबर, बुलेटचं वजन, 'जबाबदार शिकार' वगैरे. मग आपल्या बारवीच्या जंगलात भेकरासाठी कोणती गोळी योग्य?

कोणतीच नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 9 नुसार पहिल्या दोन अनुसूचींतल्या प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. भेकर, चितळ, सांबर सगळे त्यात येतात. गोळी लागायलाच हवी असंही नाही. फास लावणं, हाकारा घालणं, नुसता प्रयत्न करणं, हीसुद्धा कायद्याने शिकारच. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर किमान 3 वर्षं कैद.

मग परदेशात गोळीवर एवढी चर्चा का? इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे लांडगे कधीच संपले, त्यामुळे हरणांची संख्या माणसंच आटोक्यात ठेवतात. पण 1991 च्या कायद्याने बहुतेक हरणांसाठी रायफल किमान .240 इंच कॅलिबरची आणि गोळीची ऊर्जा किमान 1,700 फूट-पाउंड लागते. गोळीचं टोक मऊ किंवा पोकळ हवं. असं टोक शरीरात पसरतं आणि जनावर लवकर मरतं. लष्करी पद्धतीची पूर्ण कवचाची गोळी आरपार जाऊ शकते. जखमी हरिण तडफडत पळतं आणि मागे कोणी असेल तर त्यालाही धोका.

आपल्याकडे हरणं खायला बिबट्या आहे. जंगलातलं त्याचं खाणं कमी झालं तर तो वस्तीतल्या कुत्र्यांकडे वळणारच.

आणि चोरटी शिकार कशी होते? अंधारात, घाईत. जानेवारी 2025 मध्ये पालघरच्या मनोरजवळ रानडुकरांच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने साथीदारालाच डुक्कर समजून गोळी घातली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार बाकीच्यांनी मृतदेह लपवला.

'पण माझ्याकडे लायसन्स आहे'? ते शस्त्राचं, शिकारीचं नाही. (अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी असली तरी लष्करी बोअरची काडतुसं साध्या परवान्यावर मिळत नाहीत.) पिकांची नासधूस करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायलाही वन खात्याची परवानगी लागते.

हरणाचं मांस नुसतं बाळगणं हाही गुन्हा आहे. तेव्हा 'फार्महाऊस पार्टी'चं आमंत्रण आलं तर आधी मेन्यू विचारा. जंगलात फास दिसला किंवा रात्री बार ऐकू आला तर वन खात्याची हेल्पलाइन आहे 1926. स्टोरी नंतर टाका, आधी लोकेशन त्यांना सांगा.