ग्रीन टी आणि झिंकने प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का?

कोरोनाच्या काळात सातारा-सांगली भागात झिंकच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या. काहींनी त्या अजून सोडलेल्या नाहीत. आता साठीपुढचे रुग्ण मोबाइलवरचा मजकूर दाखवून विचारतात, "डॉक्टर, सोबत ग्रीन टी घेतला तर प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही ना?"

या दाव्यामागे थोडं तथ्य आहे. निरोगी प्रोस्टेट ग्रंथीत झिंक भरपूर असतं, कॅन्सर झालेल्या पेशींत ते खूप कमी होतं. ग्रीन टीमधल्या 'ईजीसीजी' या घटकाने प्रयोगशाळेत या पेशींची वाढ मंदावते. काही प्रयोगांत झिंकसोबत हा परिणाम वाढलेला दिसला. पण त्या पेशी बशीत वाढवलेल्या होत्या. चहा प्यायल्यावर रक्तात ईजीसीजी फारच कमी पोहोचतं.

मग माणसांमध्ये काय दिसलं? इटलीत 2006 मध्ये कॅन्सरपूर्व बदल असलेल्या 60 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात ग्रीन टीचा अर्क घेणाऱ्या 30 पैकी एकाला, तर न घेणाऱ्या 30 पैकी 9 जणांना कॅन्सर आढळला. आशा वाढली. मात्र 2015 मध्ये अमेरिकेतल्या 97 पुरुषांच्या अभ्यासात ठोस फरक दिसला नाही.

झिंकबाबत तर सावधच राहा. अमेरिकेत सुमारे 47,000 पुरुषांच्या पाहणीत, रोज 100 मिलिग्रॅमहून जास्त झिंक गोळ्यांतून घेणाऱ्यांत पुढच्या टप्प्याच्या प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून अधिक आढळलं. झिंकमुळेच तो झाला, असं यातून सिद्ध होत नाही. पण फायदाही दिसत नाही. आयसीएमआरनुसार पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम झिंक पुरतं. डाळी, शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, मांस यांतून ते मिळतं. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल जास्त घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते.

आवडत असेल तर दिवसाला एक-दोन कप ग्रीन टी जरूर प्या, पण औषध म्हणून नको. कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर कोणतीही पूरक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

लघवीची धार बारीक झाली, रात्री वारंवार उठावं लागतं, लघवीतून रक्त जातं किंवा कंबरेचं हाड सतत दुखतं, तर कॅप्सूल घेऊन वाट पाहू नका. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही. वयानुसार प्रोस्टेट साधीही वाढते. तपासणी आणि गरज पडल्यास पीएसए ही रक्तचाचणी करून घ्या. पुढचे उपचार कराड आणि मिरजेतही मिळतात. वेळेत निदान झालं, तर हा आजार बरा होऊ शकतो.