चार्जर बंद, पंखा मात्र जुनाच

पर्यावरणस्नेही जीवनशैलीच्या उपदेशांत एक वाक्य आता आरतीइतके पाठ झाले आहे : मोबाइल भरून झाला की चार्जरचे बटण बंद करावे. शाळेच्या भित्तिपत्रकावर ते असते, वक्तृत्व स्पर्धेत असते, पर्यावरण दिनाच्या शपथेतही असते. सल्ला चूक नाही, क्षुल्लक आहे. आणि क्षुल्लक गोष्टीला मोठ्या गोष्टीच्या पंक्तीला बसवणे, तेही विज्ञानाचे नाव घेऊन, ही दिशाभूल आहे.

हिशेब सोपा आहे. फोन जोडलेला नसताना आजचा बरा चार्जर साधारण ०.१ वॅट वीज खातो. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्षभर बटण चालू राहिले तरी एक युनिटही भरत नाही, जेमतेम ०.९ युनिट. तेवढीच वीज गीझरच्या तीन बादल्यांत संपते. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागते, हे अकरावीचा कोणताही विद्यार्थी विशिष्ट उष्मेवरून काढू शकेल. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मकाय यांनी २००८ च्या आपल्या ऊर्जाविषयक पुस्तकात चार्जरच्या सल्ल्याची अशीच झाडाझडती घेतली होती. त्याला इतकी वर्षे लोटली, तरी भित्तिपत्रके बदललेली नाहीत.

यावर ठरलेले उत्तर असे की, थेंबे थेंबे तळे साचे. तळे साचते खरे, पण ते थेंबाच्या आकारावर अवलंबून असते. देशातील तीस कोटी घरांनी प्रत्येकी एक चार्जर वर्षभर निष्ठेने बंद ठेवला, तर वाचणारी वीज होते सुमारे ०.२७ अब्ज युनिट. भारताचे वार्षिक वीज उत्पादन १,७०० अब्ज युनिटांहून अधिक आहे. सहा हजार भागांतला एक भागही वाचला नाही.

आता नजर वर, छताकडे न्यावी. भारतीय घरात सर्वांत जास्त तास राबणारे यंत्र म्हणजे छताचा पंखा. जुना पंखा पूर्ण वेगात ७० ते ७५ वॅट घेतो. त्यातील एकफेज प्रवर्तन मोटरमध्ये फिरत्या भागात प्रवाह निर्माण व्हावा लागतो, आणि त्या प्रवाहाबरोबर उष्णताही निर्माण होते. वारा देण्यासाठी बसवलेले यंत्र काही वीज स्वतः तापण्यात घालवते. बीएलडीसी मोटरमध्ये फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात, प्रवाहाची दिशा इलेक्ट्रॉनिक मंडल बदलते, त्यामुळे ही तूट टळते. तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये मिळतो. फरक सुमारे ४५ वॅटचा. रोज १२ तास आणि वर्षातले २७० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १४६ युनिट वाचतात. चार्जर बंद ठेवून एवढी बचत करायची, तर दीडशेहून अधिक वर्षे लागतील.

असे दहा कोटी जुने पंखे बदलले तर बचत १४.६ अब्ज युनिटांची होईल, म्हणजे देशाच्या उत्पादनात शंभरातला जवळजवळ एक भाग. आपल्या ग्रिडवरील प्रत्येक युनिटामागे अजूनही सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने ही वर्षाला एक कोटी टनांची गोष्ट आहे.

मग सल्ल्यांच्या यादीत चार्जर पुढे आणि पंखा मागे का? कारण चार्जर बंद करायला पैसे लागत नाहीत आणि तो सांगणाऱ्यालाही काही करावे लागत नाही. ग्लासगो परिषदेत १ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी ‘लाइफ’ ही संकल्पना मांडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये एकतानगर येथे तिचे अभियान सुरू झाले. त्यातील ७५ कृतींमध्ये एलईडी दिवे आहेत, प्रेशर कुकर आहे, एसीचे २४ अंश आहेत, वापर नसलेली उपकरणे प्लगपाशी बंद करणे आहे, आणि ट्रेडमिलऐवजी मोकळ्यावर धावणेही आहे. (ट्रेडमिल असलेली घरे देशात किती, हा प्रश्न यादी करणाऱ्यांना पडला नसावा.) हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सारी कलमे एकाच मापाची असल्यासारखी एकाखाली एक येतात. एका रात्रीचा एसी २१ ऐवजी २४ अंशांवर ठेवला, तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या प्रति अंश सहा टक्के या अंदाजाने साधारण सव्वा युनिट वाचते. म्हणजे एका रात्रीत चार्जरच्या वर्षभराहून अधिक. ज्या यादीतून हा फरक कळत नाही, ती वाचून माणूस सोपे तेवढे उचलतो आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानतो.

याच देशाने एकदा हे काम नीट करून दाखवले आहे, आणि ते उपदेशाने केलेले नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली. २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत खरेदीत ४० रुपयांच्या आत आला. ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. साठ वॅटचा पिवळा दिवा घराघरांतून गेला तो कुणाचे मन वळले म्हणून नव्हे. नऊ वॅटचा दिवा कोपऱ्यावरच्या दुकानात परवडू लागला म्हणून.

पंख्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. अतिकार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम बाराव्या पंचवार्षिक योजनेतच आखला गेला होता. घराघरांत तो पोहोचला नाही. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेचा ऊर्जा गट हा विषय दीर्घकाळ मांडत आला आहे. तरीही पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे व्हायला १ जानेवारी २०२३ उजाडावा लागला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ईईएसएलने एक कोटी बीएलडीसी पंख्यांचे उद्दिष्ट जाहीर केले. दिव्यांच्या छत्तीस कोटींशेजारी हा आकडा किरकोळ दिसतो. दुकानात आजही एक ताऱ्याचा, पन्नासेक वॅटचा पंखा हजार-बाराशे रुपयांनी स्वस्त मिळतो आणि तोच उचलला जातो.

तो उचलणारा मूर्ख नसतो. भाड्याच्या घरात पंखा मालक घेतो आणि बिल भाडेकरू भरतो. मालकाने जास्त पैसे का घालावेत? ज्या घराचे महिन्याचे बिल साठ युनिटांचे आहे, त्याच्याकडे अडीच-तीन हजार एकरकमी नसतात, आणि वीज वाचवण्याचे व्याख्यान मात्र त्यालाही ऐकावे लागते, चार एसी चालवणाऱ्या बंगल्याइतकेच. व्यक्तीच्या सद्गुणावर सोपवलेले हे काम खरे तर मानकाचे, किमतीचे आणि खरेदीच्या नियमाचे आहे. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा नियम आला, तो कुणाच्या संकल्पशक्तीवर अवलंबून नव्हता. जून २०२५ मध्ये ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी नव्या एसीची मर्यादा २० ते २८ अंश ठेवण्याचा मानस जाहीर केला, तेव्हा समाजमाध्यमांवर स्वातंत्र्याच्या नावाने केवढा गहजब झाला! ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती. तेवढी मागणी भागवण्यासाठी कोळसा जाळला जातो, तेव्हा शेजाऱ्याच्या श्वासाचे स्वातंत्र्य कुणाला आठवत नाही.

खोली सोडताना पंखा बंद करणे योग्यच. थांबलेल्या पंख्याहून कार्यक्षम पंखा नाही. पण हे सांगणारी पाटी ज्या भिंतीवर लागते, त्या वसतिगृहाच्या छताला पंधरा वर्षांपूर्वीचे पंचाहत्तर वॅटचे पंखे घरघरत असतात. तीनशे खोल्यांचे वसतिगृह घ्यावे. प्रत्येक खोलीत एक पंखा बदलला तर वर्षाला ४३,८०० युनिट वाचतात. आठ रुपये दराने साडेतीन लाख रुपये. खर्च सुमारे साडेआठ लाख, म्हणजे अडीच वर्षांत वसूल. हे होत नाही, कारण पंख्याची निविदा सर्वांत कमी किमतीला जाते. त्यात वापराच्या वर्षांचे बिल धरले जात नाही. खरेदीचा पैसा एका लेखाशीर्षातून जातो, विजेचा दुसऱ्यातून. विद्यार्थ्यांनी पर्यावरण दिनाला शपथ घेण्याऐवजी या दोन शीर्षांचे आकडे एका कागदावर मांडून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावेत, आणि पुढच्या निविदेत किती वॅटचा पंखा मागवला जाणार आहे, हे लेखी विचारावे.