काकांचं रिव्हॉल्व्हर आणि सहा पुंगळ्या

गेल्या महिन्यात दोन दिवसांची रजा टाकून गावी गेलो होतो. गाव म्हणजे सेलू, जिल्हा परभणी. काका जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. दुपारचं जेवण आटोपलं आणि काकूनं कपाटातून एक गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं. "बाळा, तू शिकलेला हाइस. ह्याचं काय करायचं ते तूच बघ."

आत .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, परवान्याची जीर्ण पुस्तिका, एकोणीस काडतुसं आणि बिस्किटाच्या डब्यात सहा रिकाम्या पुंगळ्या.

काकांची मोंढ्यात आडत होती. नव्वदच्या दशकात कापसाच्या सीझनला रोकड घेऊन रात्री-अपरात्री घरी यावं लागायचं, म्हणून परवाना काढला. कारण खरं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पंचवीस काडतुसं घेतली ती एकदाच. त्यातली चार आत्याच्या लग्नात हवेत उडवली, दोन दिवाळीत. पुंगळ्या जपून ठेवल्या, उद्या कुणी हिशेब मागितला तर दाखवायला. त्या सहा गोळ्या खाली कुठे पडल्या हा हिशेब मात्र कुणी मागितला नाही. (२०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बार उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा वऱ्हाडी टाळ्या वाजवत होते.)

म्हणजे पंचवीस-तीस वर्षं कमरेला हत्यार, आणि निशाणा धरून झाडलेल्या गोळ्या शून्य! आमच्या धंद्यात याला रिस्टोर करून न पाहिलेला बॅकअप म्हणतात. आहे, आहे म्हणून सगळे निवांत, आणि गरज पडेल त्या दिवशी फाईल उघडत नाही.

आता मी हे कोणत्या तोंडानं बोलतोय, तर दोन वर्षांपासून मी पुण्यात रविवारी सकाळी एअर पिस्तूल खेळायला जातो. दहा मीटरवर कागद, त्यावरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, साधारण शर्टाच्या बटणाएवढा. एका मॅचला साठ फैरी. पहिले सहा महिने माझे छर्रे कुठे जात होते ते विचारू नका :-) हौस असेल त्याला सांगून ठेवतो, ०.१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही.

काकांच्या पुस्तिकेत हातानं लिहिलं होतं, एका वेळी २५ काडतुसं, वर्षाला ५०. पन्नास! मी रविवारी एका सकाळी साठ छर्रे संपवतो. कागदोपत्री त्या माणसाला जीव घेऊ शकणारी वस्तू दिली, पण ती नीट वापरायला शिकण्याइतका दारूगोळा दिला नाही. आणि त्यानंही कधी मागितला नाही, ही गंमत वेगळीच.

बरं, हे काडतूस काही टाकाऊ नाही. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, जन्म १८९६, अमेरिकेत. आपल्याकडे पुण्याच्या खडकीच्या कारखान्यात बनतं, बुडावर केएफ अशी अक्षरं असतात. पोलिसी काडतूस म्हणून ते केव्हाच मागे पडलं. आपल्याकडे .३८ आणि ९ एमएम सामान्य माणसाला बंद, म्हणून परवानाधारकाच्या कमरेला .३२ राहिलं. आणि दुसरीकडे, धक्का कमी आणि नेम पक्का म्हणून २५ मीटर सेंटर फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत जगभर हेच वापरतात. फक्त तिथली गोळी चपट्या तोंडाची, वॉडकटर. ती कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडते. खडकीची गोल तोंडाची गोळी कागद फाडते, मग नऊ की दहा यावर वाद. जसपाल राणांनी २००६ च्या दोहा एशियाडमध्ये याच स्पर्धेत ६०० पैकी ५९० करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती, तेही अंगात ताप असताना. तेच काडतूस आमच्या घरी बिस्किटाच्या डब्याशेजारी पडून होतं.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झालाच. पितळी पुंगळी शाबूत आहे. नवी टोपी, मोजून दारू, शिशाची गोळी, झालं काडतूस. अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये बसून हे करतात, मी व्हिडिओ पाहिलेत, काम मोहात पाडणारं आहे. इथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं म्हणजे किमान सात वर्षं आत. आणि घरापुरतं हे बरोबरच आहे असं माझं मत. दारू पडायची राहिली तर गोळी नळीतच अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फाटते. चुकून दुप्पट पडली तर चक्रीच फुटते. इथे अनडू नाही. पण मान्यताप्राप्त क्लबात, शिकलेल्या आर्मररच्या हाताखाली हे का नसावं? पुंगळी तिथेच भरायची, तिथेच झाडायची, तिथेच मोजून परत. खेळणाऱ्या पोरांना परदेशी काडतुसांचा खर्च झेपत नाही हो.

उलट्या बाजूनं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि शेजारच्या बीडचे शस्त्रपरवाने चर्चेत आले. अंजली दमानियांनी तेव्हा आकडे मांडले होते, बीडमध्ये १२२२ आणि आमच्या परभणीत ३२. नंतर बीडच्या प्रशासनानं शंभरावर परवाने रद्द केले. हवेत बार उडवतानाचे व्हिडिओ तर सगळ्यांनीच पाहिले. एवढ्या बाराशेंमध्ये कागदावर नेम धरणारे किती असतील?

२०१६ च्या नियमांत परवान्याआधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण सांगितलंय. मी म्हणतो, त्यावर थांबू नका. नूतनीकरणाला रेंजवरचं वर्षावर्षाचं स्कोअरकार्ड मागा. साठ फैरी, सगळ्या कागदावर. आणि त्या फैरींची काडतुसं कोट्यात धरू नका. ज्याला फक्त मिरवायचंय तो पहिल्याच वर्षी कंटाळून जमा करेल.

असो. घरचं सांगायचं राहिलं. धनी वारल्यावर हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, आणि आम्ही चार महिने साड्यांखाली ठेवलेलं. सोमवारी जाऊन जमा केलं, पावती घेतली. फौजदार थोडं बोलले, बोलणारच. दादा, म्हणजे काकांचा मुलगा, माझ्यावर भडकला. वारस म्हणून परवाना त्याला मिळू शकतो, आणि त्याला तो हवाय. "कामून पाहिजे तुला?" काकूनं विचारलं. "घराण्याचं हाये," दादा म्हणाला.

मी त्याला म्हटलं, आधी एक रविवार पुण्याला ये. आला बिचारा. एअर पिस्तुलानं दहा छर्रे झाडले, चार कागदावर लागले. "वारा होता रे," म्हणाला. बंद हॉलमध्ये.

अर्ज अजून भरलेला नाही. पण पुढच्या रविवारची वेळ त्यानंच परवा फोन करून विचारली.