फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे



दुपारी मूग निवडायला बसले की कानाला काहीतरी लागतंच. पूर्वी रेडिओ असायचा, आता मोबाइलवर पॉडकास्ट. हा नाद लावला मुलाने. सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत होते, तेव्हा गाडीत बसलं की त्याचा तो एक कार्यक्रम सुरू व्हायचा. एकदा सहज बोलता बोलता म्हणाला, “आई, मी यांना पैसे पाठवतो.” त्याचे बाबा फोनवर होते, ते लगेच म्हणाले, “फुकट मिळतंय त्याचे पैसे कसले देतोस?” मुलगा म्हणाला, “बस्तीत दर्शनाला तिकीट असतं का, बाबा? तरी तुम्ही भांडारात टाकताच ना?” हे गप्प झाले. मला मात्र ते वाक्य आजपर्यंत पुरलंय.

त्या कार्यक्रमाचं नाव ‘नो अजेंडा’. अ‍ॅडम करी आणि जॉन सी. ड्वोरॅक असे दोघे जण २००७ पासून तो करतात. करी पूर्वी टीव्हीवर गाण्यांचे कार्यक्रम सादर करायचे आणि पॉडकास्ट हा प्रकार रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. ड्वोरॅक संगणकाच्या मासिकांत स्तंभ लिहायचे. आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी, तीन-तीन तास बातम्यांची चिरफाड चालते. त्यांची मतं मला कितीदा तरी पटत नाहीत, भाषा तर शिवराळच आहे, आणि ‘यामागे काहीतरी शिजतंय’ हा सूर जरा जास्तच. पण इतक्या वर्षांत एकही जाहिरात नाही. सगळा गाडा ऐकणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो. त्यांचं म्हणणं एवढंच, की यातून तुम्हाला जेवढ्या मोलाचं मिळालं असं वाटतं, तेवढं परत करा. पैसा नसेल तर वेळ द्या, कला द्या. म्हणजे आपलं तन-मन-धनच की!

आणि त्यासाठी जे विधी रचलेत, ते ऐकताना मला सारखी आपली बस्ती आठवायची. ऐकणाऱ्याला ते श्रोता म्हणतच नाहीत, ‘निर्माता’ म्हणतात. २०० डॉलर दिले तर त्या भागाचे सहायक कार्यकारी निर्माते, ३०० दिले तर पूर्ण कार्यकारी निर्माते म्हणून नाव जाहीर होतं आणि पाठवलेली चिठ्ठी वाचतात. थोडे थोडे करून १००० डॉलर झाले की चक्क सरदारकी! तलवारीचा खणखणाट, नावापुढे ‘सर’ किंवा ‘डेम’, मेणावर ठसा उमटवायची अंगठी, गोलमेजाभोवती मानाची जागा. (त्या मेजावर काय काय मांडून ठेवलंय याची यादी ते वाचतात, ती इथे लिहिण्यासारखी नाही.) वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. आपण ५१ आणि १०१ देतो तसे ते लोक ३३.३३ नाहीतर ३३३.३३ डॉलर पाठवतात, कारण ३३ हा त्यांच्या थट्टेतला जादूचा आकडा. दर भागाचं चित्र कुणी ना कुणी ऐकणाराच काढून देतो. आणि गावोगावी हे लोक एकमेकांना भेटतात, भेटी ठरवणारेही तेच.

सुरुवातीला देणगीदारांचा भाग आला की मी पुढे ढकलायची. नंतर लक्षात आलं, मी बातम्या अर्धवट ऐकतेय आणि चिठ्ठ्या मन लावून. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला बाळ झालेलं असतं, कुणी नवऱ्याच्या नावाने पैसे पाठवते. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना हे तिन्ही एका तोलाचे मानतात. स्वतः केलं, करवून घेतलं किंवा दुसऱ्याने केलेल्याला मनापासून ‘छान केलंस’ म्हटलं. मूग निवडता निवडता सात समुद्रांपलीकडच्या अनोळखी माणसाची अनुमोदना माझ्याकडून होत होती.

एका गोष्टीवर मात्र हसू आवरेना. नोकरी शोधणाऱ्याला, ऑपरेशनला चाललेल्याला हे दोघे कार्यक्रमातून ‘कर्मा’ देतात! बटण दाबलं, आवाज वाजला, झालं, मिळालं कर्म. मी मुलाला म्हटलं, “अरे, आपण जन्म घालवतो ते कर्म झाडून टाकायला, आणि हे वाटत सुटलेत? शिवाय एकाचं कर्म दुसऱ्याला देता येतं होय?” तो म्हणाला, “आई, ते आपलं कर्म नाही, त्यांचं वेगळं आहे.” असेल बाई. पण ज्याची नोकरी गेलीय त्याला हजारो लोकांसमोर कुणीतरी नावाने हाक मारून ‘मिळेल तुला’ म्हणतं, हे मला नुसती थट्टा वाटत नाही.

आता न पटलेलं सांगते. तिथे देणारा आपल्या फुकट ऐकणाऱ्या मित्राचं नाव जाहीर करू शकतो. त्या मित्राला एक घाणेरडं विशेषण लावतात आणि त्याने पैसे पाठवले की ते विधिपूर्वक उतरवतात. सगळे हसतात. मला त्यात आपल्या सवालांचा वास आला. सवाल चढत जातो, ‘एक वार, दोन वार’ होतं, आणि मागच्या रांगेतली बाई उगाच पदर सावरत खाली बघते, ते दृश्य तुम्ही पाहिलंय. हसवून केलेली असो नाहीतर भक्तीने केलेली, लाज ती लाजच. उलट त्यांचा एक नियम मला फार आवडला: ५० डॉलरच्या खाली देणाऱ्याचं नाव वाचत नाहीत. ज्याला गुप्त राहायचंय त्याला वाट मोकळी. अर्थात ज्याच्याकडे पाचच डॉलर आहेत आणि नाव ऐकायची हौस आहे, त्याने काय करायचं, हे राहतंच.

तसा हा प्रकार नवा नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीला १९४९ साली लुईस हिल नावाच्या गृहस्थाने केपीएफए हे रेडिओ केंद्र काढलं. जाहिरात नाही, सरकारी पैसा नाही, ऐकणाऱ्यांनी वर्गणी द्यायची. ऐकणाऱ्यांपैकी शंभरात दोघांनी दिली तरी भागेल, असा त्यांचा हिशेब होता. वर्षभराने पैसे संपून केंद्र बंद पडलं. तेव्हा ऐकणाऱ्यांनीच पैसे गोळा केले आणि १९५१ मध्ये ते परत सुरू झालं. शंभरात दोन! म्हणजे अठ्ठ्याण्णव जण फुकट ऐकणार हे धरूनच चालले होते, त्यांना लाजवायची गरज त्या हिशेबातच नव्हती.

पैसे देऊन काय आपलं होतं आणि काय होत नाही, हेही बघायला हवं. रोमन मार्स यांचा ‘९९% इन्व्हिजिबल’ हा वास्तू आणि वस्तूंच्या रचनेवरचा सुंदर कार्यक्रम. २०१२ मध्ये त्यांनी लोकांकडे ४२,००० डॉलर मागितले, लोकांनी १,७०,००० च्या वर दिले. २०२१ मध्ये तो कार्यक्रम एका मोठ्या कंपनीने विकत घेतला. यात बेकायदा काही नाही. देणगी म्हणजे शेअर नव्हे. पण ज्याने पहिल्यांदा २५ डॉलर दिले असतील, त्याच्या मनात काहीतरी हललंच असेल. याउलट जेसी थॉर्न यांच्या ‘मॅक्सिमम फन’ने, जे दरवर्षी सभासद जमवायची मोहीम काढतात आणि देणाऱ्यांना छोटे बिल्ले पाठवतात, २०२३ मध्ये कंपनी तिथे काम करणाऱ्यांच्याच सहकारी मालकीची केली. आम्ही साखर कारखान्यांच्या मुलखातले, सहकार म्हटलं की लगेच भाबडा विश्वास ठेवत नाही. तरी ऐकून बरं वाटलं.

हे सगळं आज का लिहितेय? तर आमच्या महिला मंडळाचं प्रकरण. चार वर्षं आम्ही दोघीजणी चातुर्मासात रोज पंधरा मिनिटांचा स्वाध्याय रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवतो. यंदा माइक बिघडला, आवाज स्वच्छ करून देणारा मुलगा आता पैसे मागतो, आणि ते रास्तच आहे. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “रोजच्या भागाचा सवाल काढा, दोन दिवसांत पैसे जमतील.” जमतील, खोटं नाही. एका ताईंनी दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात घ्यायचं सुचवलं. अपरिग्रहावर बोलायचं आणि मध्येच ‘मजुरीवर सूट’! नको बाई.

माझं मत असं, की मागावं, आणि न लाजता मागावं. चार वर्षं आम्ही ‘धर्माचं काम, पैशाचं काय बोलायचं’ म्हणत गप्प राहिलो, ती आमचीच चूक. ऐकणाऱ्यांना वाटलं यांना काही लागत नाही. नाव वाचावं, ज्यांना नको त्यांचं सोडावं. पण रक्कम वाचू नये, पन्नास रुपये असोत की पाच हजार. आणि जी पैसे देणार नाही तिनेही काही द्यावं: कुणी एक गाथा पाठ करून म्हणावी, कुणी ज्यांना मोबाइल हाताळता येत नाही त्यांच्याकडे बसून तो लावून द्यावा. तिचंही नाव त्याच यादीत, त्याच आवाजात.

जाऊबाई म्हणतात, रक्कम नाही वाचली तर कोण देईल? आमचं यावर दोनदा वाजलंय. कदाचित त्यांचं खरं ठरेल आणि पुढच्या चातुर्मासात मी मोबाइलच्या साध्या माइकवर, मागे कुकरच्या शिट्ट्या, असं रेकॉर्ड करत बसेन.

आमच्या गल्लीतल्या एक आजी रोज भाग संपला की मला आवाजाचा निरोप पाठवतात, “ऐकलं गं.” दोनच शब्द, चार वर्षं. ज्या दिवशी निरोप येत नाही त्या दिवशी आम्ही दोघींपैकी एक त्यांच्या दारात जाऊन येते. परवा माइकचं कळल्यावर त्यांनी पदराच्या गाठीतून पन्नासाची नोट काढली आणि विचारलं, “माझं नाव घेशील ना?”

रविवारी मंडळाची बैठक आहे.