तैलरंग, ॲक्रिलिक आणि आईचं लुगडं

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोघातिघांनी फोन करून विचारलं, "काका, लिहिणं बंद केलंत की काय?" बंद वगैरे काही नाही. चित्र काढत होतो. आणि चित्र काढता काढता एका भांडणात सापडलो, त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

भांडण असं. आमची नात (पुतण्याची मुलगी, पुण्यात चित्रकला शिकते) दिवाळीला आली तेव्हा माझ्यासाठी ॲक्रिलिक रंगांचा डबा घेऊन आली. म्हणाली, "आजोबा, ऑइल आता कोण वापरतं? वाळायची वाट बघत बसायचं, वर घरभर वास." ही गोष्ट मी फोनवर आमच्या सरांना सांगितली. सर म्हणजे आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. आता ऐंशी पार केली आहे. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, हातात खडूशिवाय काही धरलं नाही. २००८ साली निवृत्त झालो आणि त्यानंतर सरांनीच मला तैलरंग शिकवले. सर म्हणाले, "ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिक. त्यापेक्षा भिंती रंगवा."

माझं मत विचाराल तर दोघंही चुकताहेत. पण थोडं सविस्तर सांगतो, कारण या दोन रंगांमधला फरक नुसता आवडीनिवडीचा नाही.

तैलरंग म्हणजे रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली. जवसाची चटणी आपण खातो, तेच जवस. हे तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं. स्वयंपाकघरातल्या फळीवर तेलाच्या बरणीखाली जो चिकट थर बसतो आणि घासून निघत नाही, तो त्यातलाच प्रकार. म्हणून पातळ थरालासुद्धा बोटाला न लागण्याइतपत सुकायला दोनचार दिवस लागतात, आणि जाड असेल तर व्हार्निश मारण्याआधी सहा महिने ते वर्ष थांबतात. पांढऱ्या रंगात पुष्कळदा जवसाऐवजी करडईचं तेल घालतात, कारण जवसाचं तेल कालांतराने पिवळं पडतं. हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली. करडईच्या शेतातून काटे चुकवत शाळेत गेलेला माणूस मी.

त्यात एक नियम सर पहिल्या दिवशी सांगायचे: खाली कोरडं, वर तेलकट. खालचा थर तेलकट ठेवला आणि वर कमी तेलाचा रंग दिला, की वरचा आधी वाळतो, खालचा अजून हलत असतो, आणि चित्राला भेगा पडतात. मी पहिल्या वर्षी हा नियम मोडला. माझ्या कृष्णाकाठच्या घाटाला आज उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा आहेत.

ॲक्रिलिकचं गणित वेगळं. तीच रंगाची पूड, पण ती धरून ठेवायला एक प्रकारचं प्लास्टिकच पाण्यात बारीक कण करून मिसळलेलं असतं (सरांचं एवढं बरोबर). पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात आणि रंग पक्का. दहावीस मिनिटांचा खेळ. फेव्हिकॉल ओला असताना पांढरा आणि वाळला की पारदर्शक होतो ना, तसंच इथेही घडतं. त्यामुळे ओला रंग जरा फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लुगड्याच्या वेळी लागणार आहे.

पाण्यातले ॲक्रिलिक रंग अमेरिकेत बाजारात आले १९५०च्या दशकात. म्हणजे माझ्याच वयाचे! तैलरंगांना मात्र शेकडो वर्षांची साक्ष आहे. अफगाणिस्तानात बामियानच्या गुहांतल्या सातव्या शतकातल्या भित्तिचित्रांत तेलाचा वापर असल्याचं २००८ साली संशोधकांनी दाखवलं. तेव्हा टिकाऊपणाचा वाद काढला तर ॲक्रिलिकच्या बाजूने बोलायला सत्तर वर्षांच्या वरचा साक्षीदारच नाही. पण मला सांगा, माझी चित्रं पाचशे वर्षं टिकून करायची काय? नातवाच्या बैठकीच्या खोलीपर्यंत टिकली तरी पुष्कळ.

आणि "खरं चित्र म्हणजे तैलचित्र" हा जो एक समज आपल्याकडे आहे, तोही मला पटत नाही. राजा रविवर्म्यामुळे तो रुजला असावा. मी औंधच्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं बघितली आहेत आणि त्यांच्यापुढे बोलती बंद होते, हे कबूल. पण म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठवा. घरोघरी कॅलेंडरवर होतं. कित्येकांना ते रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं. ते आहे आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, आणि आहे जलरंगात! उलट बाजूनेही बघा. डेव्हिड हॉकनीचं पोहण्याच्या तलावाचं १९६७ सालचं प्रसिद्ध चित्र ॲक्रिलिकमध्ये आहे. त्यातलं उडालेलं पाणी, दोन सेकंदांची गोष्ट, रंगवायला त्याला दोन आठवडे लागले. रंग झटकन वाळतो म्हणून काम झटकन होतं असं नाही, हे नातीला सांगितलं पाहिजे.

असो. आता माझ्या घरातली गोष्ट.

२०१९ साली मी आईचं तैलचित्र सुरू केलं होतं. आधाराला एकच फोटो, आक्काच्या लग्नातला, १९६२ सालचा, अर्थात काळापांढरा. चेहरा निम्मा झाला होता, लुगडं हिरवं रंगवलं होतं, तेवढ्यात हिचा दमा बळावला. डॉक्टरांनी घरात फिरून विचारलं, हा वास कसला? टर्पेंटाइनचा. बाटली त्याच दिवशी बाहेर गेली. आई कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आक्का दर फोनला विचारायची, "आईचं चित्र कुठवर आलं?" मी म्हणायचो, "वाळतंय." पहिलं वर्ष ते खपलं.

ॲक्रिलिक आल्यावर वाटलं, चला, पुरं करू. तर नात म्हणाली, तेलावर ॲक्रिलिक धरत नाही, सोलून निघतं. ॲक्रिलिकवर तेल चालतं, तेलावर ॲक्रिलिक नाही. म्हणून नवा कॅनव्हास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून.

पौषात आक्का इचलकरंजीहून चार दिवस राहायला आली. वय त्र्याऐंशी. सुपारी कातरत कॅनव्हाससमोर बसली आणि म्हणाली, "अरे, हे हिरवं कुठून काढलंस? ते लुगडं अंजिरी होतं. माझ्याच लग्नात घेतलेलं. आणि काठ पिवळे नव्हेत, केशरी."

साठ वर्षं मी तो फोटो बघतोय आणि आईच्या मनात हिरवं लुगडं नेसवतोय. आईच्या कशाला, माझ्याच मनात! तेव्हा मी अकरा-बारा वर्षांचा होतो, लग्नात माझं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे. त्या लुगड्याचा रंग सांगू शकणारं माणूस आता जगात एकच आहे, आणि ते माझ्यासमोर चहा घेत होतं.

अंजिरी कालवला आणि हिरव्यावर चढवला. आक्काचा चहा संपेपर्यंत लुगडं बदललं. "हां, असंच," म्हणाली. सकाळी उठून बघते तर म्हणाली, "हे तर आमसुली झालं." वाळून गडद झालं होतं! मग पोस्टकार्डांच्या पाठीवर पट्ट्या ओढल्या, पंख्याखाली वाळवल्या, आणि आक्काने त्यातली एक निवडली. तिसऱ्या दिवशी तिसरं लुगडं. ते बरोबर निघालं. तैलरंगात असतो तर पहिलं लुगडं वाळायच्या आत आक्का इचलकरंजीला पोचली असती. पत्तर वर्षांच्या भावाने आणि त्र्याऐंशीच्या बहिणीने वाळायची वाट बघायची नसते, एवढं माझं मत आता पक्कं झालं आहे.

पण सरांची आठवण आली ती डोळ्यांपाशी. आक्का म्हणाली, "आई अशी रागानं नाही बघायची." बरोबर होतं तिचं. पापणीखालची सावली गालात विरघळायला हवी. ॲक्रिलिकमध्ये ती विरघळवायला ब्रश फिरवावा तोवर कडा पक्की झालेली असते. पाण्याचा फवारा मारून बघितला, ताटात ओला पंचा आणि वर बटर पेपर ठेवून त्यावर रंग काढले, म्हणजे ताटातले रंग तरी लवकर वाळत नाहीत. रंग मऊ राहिले, आईची नजर तेवढी राहिली नाही. तैलरंगात २०१९ साली मी रात्री झोपलो होतो आणि सकाळी तोच गाल ओला होता, बोटाने हलकेच सारखा केला होता. कपाटामागच्या त्या चित्रात लुगडं चुकीचं आहे, पण एक डोळा आईचा आहे.

आक्का गेली. आता विचार असा आहे की लुगडं, भिंत, हात सगळं ॲक्रिलिकचं तसंच ठेवायचं आणि फक्त चेहऱ्यावर तैलरंग चढवायचा. नियमात बसतं. टर्पेंटाइन अजिबात नाही, ब्रश आधी तेलाने पुसायचा आणि मग साबणाने धुवायचा. तेलाच्या चिंध्या मात्र पाण्यात बुडवून मगच टाकायच्या, कारण जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

हिला विचारलं. ही म्हणाली, "आधी नुसती ट्यूब उघडून गॅलरीत ठेवा. दोन दिवस बघू मला खोकला येतो का, मग ठरवू."

काल संध्याकाळी पांढऱ्याची ट्यूब उघडून ठेवली आहे. रात्री ही दोनदा उठली, पण पाणी प्यायला.